निरीच्या पोटात

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. दम्मामला आल्यापासून मला इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपण्याची भीती वाटते, तो संपायला वर्ष असलं तरी. हमरस्त्यावरच्या वेगाच्या कॅमेऱ्यांची वाटते, लिफ्टची वाटते, बँकेतून आलेल्या अरबी मेसेजची वाटते. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि तुझ्यापाठी तर त्याचं अख्खं कुटुंब. तो रोज रास तनुराला कामावर जातो, दिवसभर तेलाच्या शेजारी वावरतो आणि घरी येऊन मला सांगतो की घाबरण्यासारखं काही नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मला वास येत नाही. त्या साथीच्या वर्षात ताप आला, गेला, चव हळूहळू परत आली, पण नाक काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले वाट बघा. मी वाट बघतेय आणि घरात दूध जळतंय. आठवड्यातून एकदा तरी मुलगी तिच्या खोलीतून ‘आई, बर्निंग, बर्निंग’ असं ओरडते आणि मी धावते. पातेली घासून घासून माझे दंड भरले आहेत.

इथे येण्याआधी मी मुंबईत एका वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रविभागात होते. पैठण्या, शाली, पटके हे मानाचं काम ज्येष्ठांकडे असायचं. माझ्या वाट्याला आली ती कुणाला नको असलेली एक पेटी, कुठल्याशा स्कॉटिश पलटणीच्या साहेबांनी मागे ठेवलेली. आत किल्ट, खांद्यावर घ्यायची चौकड्यांची उपरणी, लोकरी पट्टे. पहिल्या दिवशी मी तोंड वाकडं केलं. पण त्या पेटीनं मला असा लळा लावला की पुढे बाहेरगावची मंडळी असल्या कापडाचा फोटो पाठवून वय विचारू लागली. ‘आमच्याकडची स्कॉटलंडची वहिनी’ असं सहकारी मला चिडवायचे.

किल्टला मी कधी घागरा म्हणत नाही. घागऱ्याला घेर असतो, किल्टला निऱ्या असतात. लांबच लांब कापड, पुढून सपाट, मागे निऱ्या, आणि त्या निऱ्या घालणाऱ्याचं सगळं कसब. नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला यात परकं काय वाटणार?

आमच्या खालच्या मजल्यावर आपा राहतात. मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांच्या यजमानांचं इथल्या जुन्या बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि आपांची अरबी इतकी फर्डी की भाजीवाला त्यांना बघून भाव आपणहून खाली आणतो. एक दिवस त्या वर आल्या आणि म्हणाल्या, की दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरात एक लाल कापड आहे, त्यांना त्याचं वय हवंय, आणि मी तुझं नाव सांगून बसलेय.

त्या घरातली मुलगी आपांच्या दिवाणखान्यात आली. तिशीच्या आतली, कॉलेजात शिकवणारी, स्वच्छ इंग्रजी बोलणारी. तिनं पिशवीतून कापड काढलं आणि मी उडालेच. दम्मामसारख्या ठिकाणी, आपांच्या सोफ्यावर, हातानं शिवलेला जुना किल्ट.

तिच्या आजोबांनी तेलाच्या सुरुवातीच्या काळात एका स्कॉटिश फोरमनच्या हाताखाली काम केलं होतं. तो मायदेशी परतताना त्यानं हे त्यांना दिलं, माझ्या आजोबांचं आहे असं सांगून. आता या किनाऱ्यावरचे जुने पुरुष समुद्रावर आणि खजुराच्या बागेत कमरेला चौकड्यांचं कापड गुंडाळायचे. त्याला वजार म्हणतात, आणि ते कापड बहुतेक आपल्याकडूनच यायचं. तेव्हा आजोबांना वाटलं, साहेबाचीही वजारच ती, फक्त जरा जाड. घरात तिचं नाव पडलं लाल वजार. नेसली कुणी नाही. पण घरात मूल जन्मलं की सातव्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या मांडीवर ती वजार अंथरून तिच्यावर मूल ठेवायचं, ही रीत झाली. मुलीची स्वतःची आईही तिच्यावर निजली होती आणि ती स्वतःही. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की फोरमन खरं बोलला होता का.

आपा हसून म्हणाल्या, ‘लुंगीच गो ती, आमच्या घरच्यांसारखी.’ मी म्हटलं, निऱ्या बघा की. तिघी एकाच कापडात आपापल्या घरचं बघत होतो. मी मात्र कापडावरून नजर वर उचललीच नाही. समोरच्या मुलीच्या सैल अबायाखाली भरल्या दिवसांचं पोट होतं, हे मला दिसलं नाही. आपांना वाटलं, मला दिसलं असणारच.

किल्ट माझ्या घरी आला. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून मी त्याला निजवला आणि भिंग घेऊन बसले. वय विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो, पण जुन्या कापडाला एक वय नसतं. त्यात निऱ्यांचं वय वेगळं, कमरपट्ट्याचं वेगळं, रफूचं वेगळं. लोक आधी विचारतात हा कुठल्या घराण्याचा नमुना, आणि मी त्याकडे शेवटी बघते, कारण नमुन्यांची नावं पुष्कळदा दुकानदारांनी नंतर चिकटवलेली असतात. मी शिवण बघते. या किल्टच्या निऱ्या रुंद होत्या, चौकोनी, मोजक्याच, आणि हातानं घातलेल्या. टाके सारखे होते पण यंत्रासारखे सारखे नव्हते. लोकर खरखरीत, पीळदार, अंगाला टोचणारी. ही जुनी लक्षणं. कमरपट्ट्याचं अस्तर मात्र यंत्रावर शिवलेलं होतं, म्हणजे पुढे कुणाच्या तरी पोटासाठी तो सैल करून घेतलेला. आणि एका कडेला पिवळ्याधमक नायलॉनच्या दोऱ्याची शिवण होती, ती या घरातलीच.

रंग बघायचा तो निरीच्या पोटात. बाहेरचा रंग उन्हानं खाल्लेला असतो. निरी उलगडली की आत जिथे उजेड पोचला नाही तिथे मूळ रंग बसलेला सापडतो. मी एक निरी बोटानं अलगद उघडली. आत लाल इतका ताजा होता की मला हसू आलं. हिरवा थोडा निळसर झाला होता, नीळ टिकली आणि पिवळा उडाला की होतो तसा. पुढच्या काळातल्या रासायनिक रंगांतला जांभळट भडक रंग कुठेही नव्हता. आणि त्याच घडीच्या तळाशी बारीक वाळूसारखं काहीतरी होतं आणि लोकरीला दोन भोकं.

कसर. लोकरीला कसर लागली की ती गुपचूप खाते, आणि आपण बाहेरून बघत राहतो.

तिच्यावर उपाय थंडीचा. मी किल्ट कापडात, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि आपांच्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये बकऱ्याच्या मांसाशेजारी ठेवला. आपांनी ‘या अल्ला’ म्हणून जागा करून दिली. नंतर बाहेर काढून, झटकून, मी तो चांगल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला. कसर परत येऊ नये म्हणून माझी आई करायची तेच केलं, मलमलची पुरचुंडी. जुन्या कापडाजवळ डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत हे वस्तुसंग्रहालयात शिकले होते, म्हणून किल्टसाठी वेखंड आणि लवंगा. माझ्या स्वतःच्या साड्यांसाठी मुंबईहून आणलेल्या डांबरगोळ्या. दोन्ही पुरचुंड्या एकाच फाटक्या मलमलच्या, एकाच दोऱ्यानं बांधलेल्या. एक निऱ्यांच्या आत सारली, एक कपाटात टाकली. ज्याला नाक आहे त्या माणसाला यात जपण्यासारखं काही दिसणार नाही.

खोकं आपांच्या यजमानांनी पोचवलं. वयाचं टिपण सावकाश लिहून देते, असा मी निरोप दिला.

नंतर एका सकाळी आपा नटूनथटून वर आल्या. त्या मुलीला मुलगा झाला होता, आज सातवा दिवस, अकीका आहे, तुमच्या बारशासारखा, तुलाही आवर्जून बोलावलंय, चल. मी आधी विचारलं, कुठल्या मुलीला? मग लाजले. मग सवयीनं म्हटलं, रिकाम्या हातानं कशी येऊ, डाळिंब्यांची उसळ करून आणते, वाल भिजलेलेच आहेत.

आपा म्हणाल्या, ‘नको गो बाय, त्या घरात वालबिल काही नेऊ नको. त्यांना फूलचा आजार हाय. पोराला पण निघाला, इस्पितळात जन्मल्याबरोबर तपासतात ना.’

फूल म्हणजे इथे बाकला, मोठ्या वालासारखी शेंग. आपांनी मला समजावलं, की या किनाऱ्यावर पुष्कळ घराण्यांत हा आजार आहे, बाकला खाल्ला की रक्त फुटतं आणि माणूस पिवळा पडतो. मग त्या आरशात बघून डोक्यावरचा रुमाल सारखा करत सहज म्हणाल्या, ‘कापराच्या गोळ्या पण चालत नायत त्यांना. कपड्यात घालतो त्या. आमच्या दुकानात म्हणून ठेवतच नाय.’

मी विचारलं, म्हणजे आपल्या डांबरगोळ्या? आपा म्हणाल्या, त्याच.

पोटात गोळा येणं हा वाक्प्रचार मी लहानपणापासून वापरत आलेय. त्या दिवशी तो खरोखर कसा असतो ते कळलं. थंड, पांढरा आणि गोल. मी स्वतःला म्हटलं, तू वेखंड ठेवलं होतंस. मोठ्यानं म्हटलं. आपा वळून बघायला लागल्या. मी कपाट उघडलं, साड्यांच्या मागून पुरचुंडी ओढली आणि दातांनी दोरा तोडला.

आत लवंगा होत्या. आणि वेखंडाचे तुकडे.

मी जमिनीवरच बसले. फोनवर वाचलं तर आपा म्हणत होत्या त्याहून वाईट. तान्ह्या मुलाला अशा गोळ्यांतल्या कपड्यात गुंडाळलं तर रक्तपेशी फुटतात, कावीळ चढते, आणि फार चढली तर मेंदूला धक्का पोचतो. मी बाळाच्या आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मेसेज टाकला, तो तसाच पडून राहिला. समारंभाच्या घरात आईच्या हातात फोन कुठून असणार?

मग नवऱ्याला लावला. घाबरण्यासारखं काही नसतं, असं तो या वेळी म्हणाला नाही. म्हणाला, मी आल्यावर बघू. तोवर काही लिहू नकोस, आपण परक्या देशात आहोत, त्यांच्या मुलाला काही झालं तर प्रकरण कुठल्या कुठे जाईल. त्याचं चुकत नव्हतं. मला सगळं एका क्षणात दिसलं होतंच: पोलीस, आमचा व्हिसा ज्याच्या हातात तो कफील, नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, परतीचं विमान आणि तेही मिळालं तर. आणि त्या सगळ्याच्या मागे एक मांडी, मांडीवर लाल कापड आणि त्याच्यावर सात दिवसांचं मूल. मी म्हटलं, ठेवते, आणि गाडीची किल्ली घेतली.

गाडी मला येते, म्हणजे मुलीच्या शाळेपर्यंत येते. हमरस्त्यावर मी कधी गेले नव्हते. त्यांचं गाव दम्मामच्या उत्तरेला, खजुराच्या बागांकडे. आपा शेजारी बसून हलक्या आवाजात दुआ म्हणत होत्या आणि मध्येच ‘उजवीकडे गो, उजवीकडे’ म्हणत होत्या. ट्रक बाजूनं गेला की मी चाक आवळून धरायचे. कॅमेऱ्याची भीती त्या दिवशी मला वाटलीच नाही. वाटत होती ती एकच: आपण पोचेपर्यंत ते मूल त्या कापडावर आहे. आपा दोनदा म्हणाल्या, की वासावरून त्यांना कळलं असेल, त्यांनी बाजूला ठेवलं असेल. मी त्या वाक्याला धरून पाच-सहा किलोमीटर काढले.

बायकांचा दिवाणखाना भरलेला होता. दारातच एकीनं धुपाटणं पुढे केलं, बखूरचं. निळा धूर माझ्या अंगावरून गेला आणि मला कसलाच वास आला नाही. मग लक्षात आलं. हे लोक सगळं ऊद-बखूरनं धुपवतात, कपडे, केस, पाहुणे. ती वजारही धुपवली असणार. आणि ज्या घरात डांबरगोळी कधी आलीच नाही, त्या घरात तिचा वास ओळखणार कोण?

त्या मुलीच्या आजी कोपऱ्यात भारतीय बैठकीसारख्या गादीवर बसल्या होत्या. मांडीवर लाल वजार, निऱ्या नीट पसरलेल्या. तिच्यावर मूल. झोपलेलं. भोवतालच्या बायका कौतुकानं काही म्हणत होत्या. आपा पुटपुटल्या, की किती शांत आहे म्हणतात, सकाळपासून रडलाच नाही, दूध प्यायलाही उठला नाही.

मी म्हटलं, ‘आपा, सांगा त्यांना. मूल उचला म्हणावं. त्या कापडात डांबरगोळ्या होत्या, मी ठेवल्या.’

आपांनी सांगितलं. भरभर, एका दमात. मला त्यातला एकच शब्द कळला, काफूर. आणि बायकांच्या हातातले पेले तसेच राहिले. आपांचं तोंड उघडंच राहिलं, कारण त्यांनाही आता कळलं होतं त्या काय बोलून बसल्या ते. आपांच्या बोलीत डांबरगोळीला कापराची गोळी म्हणतात. पण काफूर म्हणजे खरा कापूर, आणि तो इथे, आपांच्या स्वतःच्या घरीही, मयताला शेवटची आंघोळ घालताना वापरतात. त्या बायकांनी ऐकलं ते असं: या हिंदी बाईनं आमच्या बाळाच्या कापडात प्रेताचा कापूर ठेवला.

आजींनी मूल छातीशी धरलं आणि त्या वयात झटक्यात उभ्या राहिल्या. वजार घसरून खाली पडली. कुणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं. मी सोडवून घेतलं नाही. मूल त्या कापडावरून उठलं होतं आणि त्या घटकेला मला तेवढंच पुरे होतं, पुढे माझं काहीही होवो.

आतल्या खोलीतून बाळाची आई, ती मुलगी, आली. मला बघून हसू लागली आणि मध्येच थांबली. मी तिला म्हटलं, नॅफ्थलीन. अरबीतही तो शब्द जवळपास तसाच आहे. सगळ्या खोलीला समजला.

मुलीनं बाळाला आजींच्या हातातून घेतलं, खिडकीशी गेली, जाड पडदा सारला. अंगठ्यानं त्याच्या कपाळाची कातडी दाबली आणि सोडली. मग पापणी उघडली. मी तिच्या मागेच होते. त्या सोनेरी दिव्यांच्या खोलीत कुणाला दिसलं नसतं, पण दिवसाच्या उजेडात दिसलं. डोळ्याचं पांढरं हळदीसारखं झालं होतं. आजी काहीतरी म्हणाल्या, आपांनी पडल्या आवाजात सांगितलं, सकाळी लंगोट कोऱ्या चहासारखा झाला होता, त्यांना वाटलं पाणी कमी पडलं.

मग कळलं, मूल त्या कापडाजवळ यायची ही पहिली वेळ नव्हती. खोकं घरी आल्यापासून वजार त्या पुरचुंडीशेजारी पडून होती, आणि मूल इस्पितळातून आलं त्या दिवसापासून दुपारी एसीत त्याच्यावर तीच पांघरत होते. पुरचुंडी त्यांनी बघितली होती. मी कापडाची तज्ज्ञ, तेव्हा काहीतरी औषध असेल, म्हणून पुन्हा जागेवर ठेवली होती. वास आजींना आवडला नाही, म्हणून त्यांनी रोज ऊद जाळला.

मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘तुम्ही ठेवलंत?’

मी हो म्हटलं. दुसरं ठेवायचं होतं, म्हटलं, आणि वेखंडाला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. मी तिथे उभी राहून ‘एक मूळ असतं, एक मूळ’ एवढंच म्हणत राहिले. तिनं ऐकलं नाही. पुरुषांच्या मजलिसमधून तिचा नवरा अनवाणी धावत आला, कुणीतरी यल्ला यल्ला, चला चला, म्हणालं, आणि ते गेले.

आम्हाला कुणी हाकललं नाही. आम्हीच निघालो. जाताना मी वजारीच्या खोक्यातून माझी पुरचुंडी उचलून घेतली, कारण त्या घरात ती आणखी एक क्षण राहणं मला सहन होईना. गाडीत आपा रडल्या. म्हणाल्या, माझ्या तोंडून कसा गो तो शब्द आला. मी म्हटलं, त्या शब्दानंच आजी उठल्या.

मग सुरू झालं ते थांबणं. दुसऱ्या दिवशी बाळाच्या आईचा मेसेज आला, एका ओळीचा: त्याचं रक्त बदलत आहेत. मी तो इतक्या वेळा वाचला की अक्षरं अक्षरं राहिली नाहीत. दाराची बेल वाजली की मला पोलीस वाटायचे, आणि फोन वाजला की त्याहून वाईट. नवरा मला रागावला नाही. रोज संध्याकाळी आल्यावर आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग बूट काढायचा. मी देवापुढे बसले, पण मागता येईना. ज्या हातांनी पुरचुंडी बांधली तेच हात जोडायचे म्हणजे कसंसंच वाटायचं. मग एकदा दुसरा मेसेज आला, घरी आणलं. बस. डॉक्टर काय म्हणाले, मेंदूचं काय, मी विचारलं नाही. मला विचारण्याचा हक्क आहे असं वाटेना.

दरम्यान मी घर धुतलं. सगळ्या डांबरगोळ्या इमारतीबाहेरच्या कचराकुंडीत टाकल्या. कपाटं पुसली, साड्या गच्चीवर वाळत घातल्या, इथलं ऊन त्यांच्या रंगाला काय करतं हे पुरतं माहीत असताना. माझ्या मुलीला प्रत्येक फळी हुंगायला लावली. ती हुंगायची आणि नथिंग म्हणायची. मी पुन्हा विचारायचे. शेवटी ती चिडून म्हणाली, आई, किती वेळा? तिचं खरं होतं. पण दुसऱ्याच्या नाकावर माणूस किती दिवस विश्वास ठेवू शकतो?

एका दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर ती मुलगी, कडेवर मूल. तिचे बाळंतपणाचे चाळीस दिवस होऊन गेले होते. मूल जागं होतं, डोळे स्वच्छ पांढरे, आणि माझ्या कानातल्या कुड्यांकडे टक लावून बघत होतं. मी कुड्या हलवल्या. त्याची नजर त्यांच्यामागे गेली. ती म्हणाली, डॉक्टर समाधानी आहेत, आणखी वर्षभर तपासत राहतील. ती म्हणाली, आजींनी पाठवलंय, वजार गच्चीवर वाळत आहे, आता त्या घरात ती मुलांसाठी वापरायची नाही, भिंतीवर लावायची, आणि भिंतीवर लावायची तर खाली काय लिहायचं? फोरमन खरं बोलला होता का?

मी दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं. खरं बोलला असावा. निऱ्या शिवणयंत्र घरोघरी पोचण्याआधीच्या हातांच्या वाटतात, त्याच्या आजोबांच्या किंवा त्यांच्याही आधीच्या. कमरपट्टा नंतरचा, कुणाच्या तरी वाढलेल्या पोटाचा. आणि पिवळा दोरा तुमच्या घरातला. ती हसली. म्हणाली, तो आजीचा. मग तिनं मूल एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि विचारलं, ‘आत नाही बोलावणार?’

आमच्या घरात पहिल्यांदा आलेल्या तान्ह्याला उंबऱ्यावर उभं ठेवत नाहीत. त्याच्या हातावर काहीतरी ठेवतात, आईच्या ओटीत काही घालतात. माझ्या आईनं हे बघितलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण मी चौकटीला दोन्ही हात लावून उभी होते. म्हटलं, ‘नको. आत येऊ नकोस. मी सगळं टाकलंय, धुतलंय, पण मला वास येत नाही. कुठे काही राहिलं असेल तर मला कळणार नाही.’

मला वाटतं, पुरचुंड्यांची अदलाबदल कशी झाली हे तिला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. तिनं मूल माझ्याकडे दिलं, असं, सरळ, माझे हात चौकटीवरून निघायच्या आत, आणि मला ते धरावंच लागलं. ते ऊबदार होतं आणि वाटलं होतं त्याहून जड. मग ती एकटी माझ्या बाजूनं आत गेली. मी जिन्याशी उभी. आतून कपाटाची दारं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत होते. ती एकेका खोलीत जाऊन खोल श्वास घेत होती, हे मला बाहेर ऐकू येत होतं.

ती परत दाराशी आली. म्हणाली, ‘नॅफ्थलीन कुठेच नाही. पण तुमचं काहीतरी जळतंय.’

बेल वाजली तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. मी मूल तसंच धरून स्वयंपाकघराकडे धावले, आणि ती माझ्या मागोमाग आली.